३२ मशीनच्या लॅबसाठी नेटवर्कवरून आपोआप लिनक्स बसवणारा सर्व्हर : पीएक्सईबद्दल मार्गदर्शन हवे

लोकलहोस्ट_परळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परळमधल्या एका संस्थेच्या संगणक कक्षासाठी विचारतोय. मशीन ३२. त्यांतली २८ सहाव्या-सातव्या पिढीची आय३, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, यूईएफआय (मशीन सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, नव्या पद्धतीचं). उरलेली ४ जुनी, ४ जीबी रॅमची, नुसतं बायोस (जुन्या पद्धतीचं फर्मवेअर). विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ च्या यादीत हे प्रोसेसर बसत नाहीत, त्यामुळे सगळीकडे उबुंटू २४.०४ टाकायचं ठरलंय. पेनड्राइव्ह घेऊन ३२ खुर्च्या फिरायच्या नाहीत, म्हणून पीएक्सई, म्हणजे मशीन डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट करणं.

२४ पोर्टचे दोन गिगाबिट स्विच आहेत, एक मॅनेज्ड, एक साधा. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला; डीएचसीपी (मशीनना नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सेवा) त्यातच चालतो आणि त्यातले पर्याय बदलता येत नाहीत. सर्व्हरसाठी एक आय५ डेस्कटॉप मिळेल, ८ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, एक नेटवर्क पोर्ट.

प्रश्न तीन. राउटरचा डीएचसीपी चालू असताना पीएक्सई कसं चालवायचं? यूईएफआय आणि बायोस दोन्ही एकाच सर्व्हरवरून होतील का? आणि एकही प्रश्न न विचारता इन्स्टॉल पूर्ण व्हावं यासाठी नेमकं काय लिहायचं?

तारवाला

पहिल्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. इंटरनेटवर जे जास्त सापडतं ते तुमच्यासाठी बरोबर नाही.

सापडतं ते प्रॉक्सी डीएचसीपी. राउटर पत्ता देतो आणि तुमचा सर्व्हर फक्त 'बूट फाइल इथून घे' एवढंच सांगतो. डीएनएसमास्कमध्ये (डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही देणारा छोटा प्रोग्राम; टीएफटीपी म्हणजे बूट फायली पाठवायची साधी पद्धत) डीएचसीपी-रेंजच्या ओळीत नेटवर्कच्या पत्त्यापुढे 'प्रॉक्सी' लिहायचं, झालं. राउटरला हात लावावा लागत नाही. पण मशीनला दोन ठिकाणांहून आलेली उत्तरं जुळवावी लागतात, आणि प्रत्येक फर्मवेअर ते नीट करतंच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या टप्प्यातलं ग्रब (बूटचा मेनू दाखवून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू करणारा प्रोग्राम) कधी कधी राउटरचं उत्तरच खरं धरतं, टीएफटीपीचा पत्ता त्याला सापडत नाही आणि 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट दाखवून ते बसून राहतं.

दुसरं उत्तर म्हणजे वेगळं नेटवर्क. सर्व्हरमध्ये दुसरं गिगाबिट कार्ड टाका. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात साधं पीसीआय एक्सप्रेस कार्ड मिळतं, भारी काही नको. एक पोर्ट राउटरकडे, दुसरा लॅबच्या स्विचकडे. लॅबच्या स्विचमधून राउटरकडे जाणारी केबल काढून ठेवा. आता त्या बाजूला डीएचसीपी देणारा एकच, तुमचा सर्व्हर. इन्स्टॉलला लागणारं इंटरनेट सर्व्हरच पुढे पाठवेल.

दुसरंच करा. कारण फक्त सोय नाही. आपोआप इन्स्टॉल करणारा सर्व्हर म्हणजे विचारल्याशिवाय डिस्क पुसणारं यंत्र. ते संस्थेच्या चालू नेटवर्कवर ठेवलं आणि ऑफिसमधल्या एखाद्या मशीनचा बूट क्रम चुकून 'नेटवर्क आधी' असा असला, तर हिशेबाचा पीसी सकाळी उबुंटूमध्ये उघडेल.

शून्यबाइट

+१ वेगळ्या नेटवर्कला.

तारवाला

आता डीएनएसमास्क. फायलींची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं. लिनक्सवर टीएफटीपीला लहान-मोठं अक्षर वेगळं असतं, हे विसरू नका.

पोर्ट=० आधी. याने डीएनएसमास्कचं डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणं) बंद होतं. नाहीतर उबुंटूत ५३ नंबरच्या पोर्टवर उबुंटूची स्वतःची डीएनएस सेवा, सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड, आधीच बसलेली असते आणि सेवा सुरूच होत नाही. पण डीएनएस बंद केलं की मशीनना डीएनएसचा पत्ताही आपोआप जात नाही, म्हणून डीएचसीपी-ऑप्शन ६ मध्ये तो हाताने द्यायचा.

इंटरफेस म्हणून लॅबकडचं कार्ड लिहा आणि सोबत बाइंड-इंटरफेसेस. म्हणजे राउटरच्या बाजूच्या मागण्यांना सर्व्हर उत्तरच देणार नाही. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.५०.१ धरू, वाटपाचा पल्ला १९२.१६८.५०.१०० ते १८०, लीज (पत्ता किती वेळासाठी द्यायचा) १ तास. इनेबल-टीएफटीपी आणि टीएफटीपी-रूट म्हणून 'एसआरव्ही' खालचं 'टीएफटीपी' फोल्डर. फायरवॉल चालू ठेवणार असाल तर टीएफटीपी-सिंगल-पोर्टही लिहा. टीएफटीपीची मागणी ६९ वर येते, पण माहिती सर्व्हर दुसऱ्याच पोर्टवरून पाठवतो. नुसतं ६९ उघडून भागत नाही. या पर्यायाने सगळं ६९ वरच राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: डीएचसीपी-इग्नोर=टॅग:!नोन. म्हणजे ज्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) डीएचसीपी-होस्टच्या ओळींत लिहिलेला आहे त्यालाच उत्तर मिळेल, बाकीच्यांना काहीच नाही. ३२ ओळी लिहायच्या: मॅक पत्ता, पत्ता, मशीनचं नाव. आधी ही ओळ बंद ठेवून मशीन एकेक करून चालू करा, लीजच्या फायलीत मॅक दिसतील. हे करतानाच मशीनवर नंबर चिकटवा. मग ती ओळ चालू करा.

रूट_नी_रस्सा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, एकाच सर्व्हरवरून. पीएक्सई करणारं मशीन डीएचसीपी मागताना ऑप्शन ९३ मध्ये स्वतःचा प्रकार सांगतं. ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. काही फर्मवेअर ९ सांगतात. आरएफसी ४५७८ (पीएक्सईच्या डीएचसीपी पर्यायांचा दस्तऐवज) मध्ये या दोन आकड्यांचा घोळ होता, म्हणून ७ आणि ९ दोन्हीला तीच फाइल द्या. डीएनएसमास्कमध्ये डीएचसीपी-मॅच ओळीने टॅग लावायचा आणि डीएचसीपी-बूट ओळीत त्या टॅगला फाइल जोडायची. ऑप्शन ६६-६७ हाताने लिहीत बसू नका, डीएचसीपी-बूट ते करतं.

बायोससाठी पीएक्सलिनक्स.० ही फाइल, 'पीएक्सलिनक्स' पॅकेजमधून. तिच्याच शेजारी एलडीलिनक्स.सी३२ हवी, ती 'सिसलिनक्स-कॉमन' मध्ये बायोसच्या फोल्डरात मिळेल. सिसलिनक्सच्या ५ व्या आवृत्तीपासून ती वेगळी झाली आहे. नसेल तर 'एलडीलिनक्स.सी३२ लोड होत नाही' असं लिहून मशीन थांबतं. जुने लेख वाचून केलेल्यांची हमखास अडचण हीच.

यूईएफआयसाठी 'शिम-साइन्ड' पॅकेजमधलं शिम (ग्रबच्या आधी सुरू होणारा, सही केलेला छोटा प्रोग्राम) घ्या, त्याचं नाव बूटएक्स६४.ईएफआय करा. 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड' मधलं ग्रबनेटएक्स६४ घ्या आणि त्याचं नाव ग्रबएक्स६४.ईएफआय करा, कारण शिम नेमकी याच नावाची फाइल स्वतःच्या शेजारी शोधतं. नुसतं 'ग्रबएक्स६४' उचलू नका, त्यात नेटवर्कचा भाग नसतो. मेनूची फाइल टीएफटीपी फोल्डरात ग्रब/ग्रब.सीएफजी या जागी. हे उबुंटूच्या ग्रबचं. डेबियनचं सही केलेलं ग्रब डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/ग्रब इथे शोधतं.

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला प्रोग्राम सुरू न होऊ देणारी सोय) बंद करायची गरज नाही. फक्त शिम, ग्रब आणि कर्नल तिन्ही एकाच घरचे हवेत. उबुंटूच्या शिमला उबुंटूच्या सह्या ओळखता येतात, डेबियनचं कर्नल ते नाकारतं. आणि शिम दोन-तीन वर्षांपूर्वीचं कुठून तरी उचललेलं नको. फर्मवेअरच्या अपडेटमधून जुन्या आवृत्त्या बाद होतात, मग स्क्रीनवर 'सिक्युरिटी व्हायोलेशन' येतं आणि माणूस बायोसमध्ये उगाच शोधत बसतो.

फायलींना सगळ्यांना वाचायची परवानगी द्या. कर्नल 'बूट' फोल्डरातून उचललंत तर उबुंटूत ते फक्त रूटला वाचता येतं आणि टीएफटीपी देणार नाही. उबुंटूच्या आयएसओमधल्या (अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एक फाइल) 'कॅस्पर' फोल्डरातलं व्हीएमलिनझ (म्हणजे कर्नल) आणि इनिट्रड (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा) घ्या, तेच इथे लागतात.

लोकलहोस्ट_परळ

दोघांचेही आभार. व्हर्च्युअल मशीनवर आधी करून बघतोय. डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये बूटएक्स६४.ईएफआय साठी 'युजर अबॉर्टेड द ट्रान्सफर' असं येतं आणि पुढच्याच ओळीत ती फाइल पाठवली असंही येतं. काही चुकलंय का?

रूट_नी_रस्सा

नाही. यूईएफआय आधी नुसता फाइलचा आकार विचारतं, कळला की ती जोडणी तोडतं आणि खऱ्या डाउनलोडसाठी परत मागतं. ती एरर पहिल्या विचारणीची आहे.

खऱ्या एररचं थोडक्यात सांगतो, कारण स्क्रीनवर त्या दोन सेकंद दिसतात. मोबाइलने फोटो काढा.

ई६१: केबल. बाकी काही शोधू नका.

ई५१: डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही. मॅक यादीत नाही, केबल भलत्या स्विचला आहे, किंवा स्विचचा पोर्ट अजून जागा झालेला नाही. यूईएफआयवाल्या मशीनवर बहुतेक वेळा हेच ई१६ म्हणून दिसतं.

ई५३: पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं नाही. म्हणजे टॅग जुळला नाही, किंवा उत्तर भलत्याच डीएचसीपीने दिलं. राउटरची केबल खरंच काढली आहे ना, ते बघा.

ई३२ किंवा ई१८: फाइलचं नाव मिळालं, पण सर्व्हर बोलत नाही. फायरवॉल.

टी०१: फाइल नाही. स्पेलिंग, लहान-मोठं अक्षर, फोल्डर.

सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावून ६७ आणि ६९ हे पोर्ट बघत बसा, डीएनएसमास्कमध्ये लॉग-डीएचसीपी चालू ठेवा. कोण काय मागतंय आणि कोण काय देतंय, सगळं ओळीओळीने दिसतं. अंदाज बांधण्यापेक्षा हे सोपं.

अर्धविराम

माझ्या आयडीचा मान राखून तिसऱ्या प्रश्नातलं सगळ्यात चावरं आधी सांगतो.

ग्रबच्या मेनूत कर्नलच्या ओळीला हे जोडायचं असतं: आयपी=डीएचसीपी, यूआरएल= पुढे आयएसओचा एचटीटीपी पत्ता, ऑटोइन्स्टॉल हा शब्द, आणि डीएस=नोक्लाउड;एस= पुढे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता. त्या 'नोक्लाउड' नंतर अर्धविराम आहे. ग्रबला अर्धविराम म्हणजे 'आज्ञा संपली'. त्यापुढचं सगळं ते गिळून टाकतं, इन्स्टॉलर मजेत सुरू होतो आणि तुम्हाला भाषा विचारतो. हा शब्द दुहेरी अवतरणात ठेवा किंवा अर्धविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. पीएक्सलिनक्सला ही भानगड नाही.

फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच, कारण फाइलचं नाव तिला जसंच्या तसं जोडलं जातं. फोल्डरात दोन फायली: युझर-डेटा आणि मेटा-डेटा. मेटा-डेटा रिकामी चालते, नसलेली चालत नाही. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये व्हेंडर-डेटासाठी ४०४ दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा.

'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द कर्नलच्या ओळीत लिहायचा राहून गेला तर इन्स्टॉलर डिस्कला हात लावण्याआधी 'पुढे जाऊ का' विचारून थांबतो. पहिल्या चाचणीला मुद्दाम तो शब्द काढून ठेवा. फाइल पोचली का ते कळतं आणि डिस्क शाबूत राहते.

अजून एक ओळ, जी नसली तरी ८ जीबीवर बहुधा निभावतं: क्लाउड-कॉन्फिग-यूआरएल=/डेव्ह/नल. कर्नलच्या ओळीत 'यूआरएल=' दिसलं की क्लाउड-इनिटला (ही उत्तरं वाचणारा प्रोग्राम) वाटतं आपल्यासाठीच आहे, आणि ते अख्खी आयएसओ परत उतरवायला घेतं. आधीच ती रॅममध्ये बसलेली असते. दोनदा कशाला?

लोकलहोस्ट_परळ

युझर-डेटात कमीत कमी काय हवं?

अर्धविराम

पहिली ओळ #क्लाउड-कॉन्फिग, अगदी अशीच, आधी मोकळी जागाही नको. मग ऑटोइन्स्टॉल: आणि त्याखाली व्हर्जन: १. पुढे आयडेंटिटी (होस्टनेम, युझरनेम, पासवर्ड), कीबोर्ड, टाइमझोन एशिया/कोलकाता, स्टोरेज, एसएसएच, पॅकेजेस, लेट-कमांड्स. सगळं स्पेसने आत सरकवायचं, टॅब वापरला की वायएएमएल (ही फाइल लिहायची पद्धत) मोडलं.

पासवर्ड उघडा लिहायचा नाही. ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी -६ ने हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही असं रूप) करून. तरीही ही फाइल साध्या एचटीटीपीवर आहे, लॅबमधला कुणीही ब्राउझरने उघडू शकतो. म्हणून हा पासवर्ड तात्पुरता ठेवा आणि देखभालीसाठी एसएसएचची (दुरून लॉगिन करायची) की द्या.

स्टोरेजमध्ये लेआउट 'डायरेक्ट' लिहा. 'एलव्हीएम' (डिस्कचे भाग नंतर बदलता येतील अशी मांडणी) लिहिलंत तर मुकाट्याने अर्धवट होईल: २०० जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर इन्स्टॉलर रूटला फक्त १०० जीबी देतो, बाकी मोकळं पडून राहतं. एलव्हीएम हवंच असेल तर साइझिंग-पॉलिसी: ऑल. कुठल्या मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर कुठली घ्यायची ते 'मॅच' ने सांगा, नाहीतर कोणाच्या तरी फायली जातील.

होस्टनेम फाइलमध्ये एकच असतं, म्हणजे ३२ जण एकाच नावाचे. क्लाउड-इनिटला पत्त्यात मशीनचा सिरियल नंबर घालता येतो, मग प्रत्येकाचं फोल्डर वेगळं. ब्रँडेड मशीनला हे छान. असेंबल केलेल्या मशीनमध्ये मात्र त्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असं लिहिलेलं असतं, सगळ्यांत तेच. त्यापेक्षा लेट-कमांड्समध्ये चार ओळींची स्क्रिप्ट: मशीनचा मॅक वाचायचा, सर्व्हरवरच्या यादीत शोधायचा, मिळालेलं नाव 'टार्गेट' खालच्या होस्टनेमच्या आणि होस्ट्सच्या फायलीत लिहायचं. यादी तारवालांनी सांगितलेलीच.

आणि शटडाउन: पॉवरऑफ. हे लिहाच. इन्स्टॉल झालं की मशीन रीस्टार्ट न होता बंद होतं. कुठली झाली, कुठली राहिली हे खोलीच्या दारातून कळतं, आणि पुन्हा नेटवर्कवरून बूट होऊन तेच इन्स्टॉल सुरू व्हायचं टळतं.

तारवाला

त्यालाच जोडून. मेनूतली आपोआप निवडली जाणारी नोंद नेहमी 'स्थानिक डिस्कवरून बूट' हीच. इन्स्टॉलची नोंद फक्त त्या मशीनपुरती, मॅकच्या नावाने. 'डिफॉल्ट' नावाच्या फाइलकडे जाण्याआधी पीएक्सलिनक्स मॅकच्या नावाची फाइल शोधतं. तिथे मॅक लहान अक्षरांत, मध्ये डॅश, आणि पुढे ०१- लावून लिहायचा. ग्रबमध्ये मेनूच्या सुरुवातीलाच नेट_डिफॉल्ट_मॅक या व्हेरिएबलने दुसरी फाइल बोलवायची, पण तिथे मॅकमध्ये कोलन असतात आणि पुढे काही नसतं. दोन्हीकडे एकच नाव टाकलं तर एकीकडे नक्की चुकतं.

स्थानिक बूटसाठी पीएक्सलिनक्समध्ये लोकलबूट ०. ग्रबमध्ये 'एक्झिट' लिहिलं की बहुतेक फर्मवेअर यादीतल्या पुढच्या नोंदीकडे जातं. काही हट्टी बोर्ड परत नेटवर्कवरच येतात. तिथे डिस्कवरचं शिम शोधून ग्रबच्या 'चेनलोडर' आज्ञेने ते सुरू करा.

चाळीतला_चाकरमानी

मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींच्या जोडणीत चक्र होऊ न देणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर लिंक आली की पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच माहिती सोडतो. तोवर काही फर्मवेअर डीएचसीपी मागून थकतात, आणि ई५१. बरं, एकदा निभावलं तरी फर्मवेअरकडून कर्नलकडे सूत्रं जाताना लिंक परत पडते आणि तीस सेकंद परत सुरू. मग पीएक्सई चालतं, पण इन्स्टॉलर 'नेटवर्क नाही' म्हणतो. मशीनकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर नाही.

आणि केबल. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन. एक जोडी सैल असली की मशीन चालतं, फक्त १०० वर. समुद्राजवळच्या खोल्यांत आयओ बॉक्सच्या पिना हिरव्या पडतात, पावसाळ्यानंतर जास्त. स्विचवरच्या दिव्याचा रंग बघून असे पोर्ट आधीच वेगळे काढा.

शून्यबाइट

वेगाचा हिशोब असा. 'उबुंटू सर्व्हर'ची आयएसओ साधारण ३ जीबी. २८ मशीन म्हणजे ८४ जीबी. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी धरले तर १३ मिनिटांत सगळ्यांना पोचते. सर्व्हरचीच केबल १०० वर अडकली असेल तर तेच दोन तासांवर जाईल. सर्व्हरच्या डिस्कची काळजी नको. पहिल्या मशीनने आयएसओ मागितली की ती रॅमच्या कॅशमध्ये बसते, पुढच्यांना तिथूनच मिळते. अर्थात म्हणूनच सर्व्हरला ८ जीबी हवेत.

आयएसओ एचटीटीपीनेच द्या, एनजीनेक्स (वेब सर्व्हर) पुरे. टीएफटीपीवर फक्त बूट फायली, कर्नल आणि इनिट्रड. टीएफटीपी एक तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबतं, आणि तुकड्याचा क्रमांक १६ बिटचा आहे: ५१२ बाइटचे ६५,५३५ तुकडे म्हणजे ३२ एमबी झाले की आकडा संपतो. आजकालचे क्लायंट मोठा तुकडा मागतात किंवा आकडा परत शून्यावर आणतात, पण एखादं जुनं मशीन इनिट्रड अर्ध्यात सोडत असेल तर कारण हे.

पॅकेजेससाठी सर्व्हरवर एपीटी-कॅशर-एनजी (एपीटी म्हणजे पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्राम; हा त्याने उतरवलेलं साठवून ठेवतो), पोर्ट ३१४२, आणि युझर-डेटात एपीटीखाली प्रॉक्सीचा पत्ता. पहिलं मशीन इंटरनेटवरून उतरवेल, बाकी २७ सर्व्हरवरून. म्हणून आधी एकच मशीन पूर्ण होऊ द्या, मग आठ-आठचे गट. एचटीटीपीएसच्या रिपॉझिटरी यात कॅश होत नाहीत. आणि उबुंटूतलं फायरफॉक्स स्नॅप (वेगळ्या प्रकारचं पॅकेज) आहे, ते एपीटीमधून येतच नाही. म्हणून सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग आणि मास्करेड (लॅबच्या मशीनना सर्व्हरमधून इंटरनेट देणं) चालू ठेवावंच लागेल, नुसत्या प्रॉक्सीवर डेस्कटॉप पूर्ण होत नाही.

गिरणगाव_लिनक्स

एवढं करण्यापेक्षा एक मशीन नीट लावा आणि क्लोनझिलाने (डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणारा प्रोग्राम) ३१ वर छापा की. मल्टिकास्टने सगळ्यांना एकदम जातं.

अर्धविराम

सगळी एकसारखी असतील तर जरूर. इथे दोन प्रकार आहेत, म्हणजे दोन प्रतिमा, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही ताज्या करायच्या. शिवाय क्लोन केल्यावर मशीन-आयडी आणि एसएसएचच्या होस्ट की सगळीकडे तीच राहतात. सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून सांगतं. मग मॅक वेगळे असूनही सर्व्हरला ३२ मशीन एकच वाटतात आणि तो सगळ्यांना एकच पत्ता देतो. क्लोनच करायचं तर प्रतिमा घेण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा आणि होस्ट की पुसा.

गिरणगाव_लिनक्स

मशीन-आयडीचं ध्यानात नव्हतं. बरोबर.

लोकलहोस्ट_परळ

आणि ती ४ जीबीवाली चार?

रूट_नी_रस्सा

त्यांच्यावर ही पद्धत चालणार नाही. ३ जीबीची आयएसओ रॅममध्ये उतरते, ४ जीबीत ती उघडायला जागाच उरत नाही. डेबियन १३ घ्या, एक्सएफसीई डेस्कटॉप. डेबियनचा नेटबूट इन्स्टॉलर म्हणजे कर्नल आणि इनिट्रड मिळून शंभर एमबीच्या आत. बाकी तो मिररवरून (डेबियनची पॅकेजेस ठेवलेल्या सर्व्हरवरून) हवं तेवढंच आणतो. तुमची ती चार बायोसवाली असल्याने सह्यांचा प्रश्नही नाही.

उत्तरं प्रीसीड फायलीत. कर्नलच्या ओळीत ऑटो=ट्रू, प्रायॉरिटी=क्रिटिकल, यूआरएल= पुढे फाइलचा पत्ता. 'ऑटो' दिल्यामुळे भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क मिळेपर्यंत थांबतात. ते नसेल तर फाइल यायच्या आधीच विचारले जातात. होस्टनेमची काळजी नको, डीएचसीपीने दिलेलं नाव इन्स्टॉलर स्वतः घेतो. हे उबुंटूपेक्षा बरं. पार्टमनच्या (इन्स्टॉलरमधला डिस्कचे भाग करणारा टप्पा) शेवटच्या 'बदल डिस्कवर लिहू का' या दोन-तीन खात्र्या फाइलमध्ये 'हो' लिहायला बरेच जण विसरतात, आणि ग्रब कुठल्या डिस्कवर टाकायचं तेही.

यातला सापळा वेगळा. नेटबूटच्या फायली आज उतरवल्या आणि सहा महिन्यांनी वापरल्या, तर मिररवरचं कर्नल पुढे गेलेलं असतं आणि इन्स्टॉलर 'कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत' म्हणून अडतो. फाइल बिघडलेली नसते. नवीन नेटबूट उतरवा, पाच मिनिटांचं काम.

बोरीबंदर_बिट्स

अवांतर, पण लॅबसाठी उपयोगी. पॅकेजेसच्या यादीत फॉन्ट्स-देवा (देवनागरी फॉन्ट) आणि आयबस-एम१७एन (टायपिंगसाठी) आत्ताच घाला. नंतर ३२ ठिकाणी मराठी टायपिंग चालू करत बसण्यापेक्षा बरं.

आणि त्या जुन्या चार मशीनच्या सीआर२०३२ बॅटऱ्या बदला. घड्याळ मागे असलं की एपीटी 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून थांबतं, प्रमाणपत्रंही नाकारली जातात, आणि सगळे नेटवर्कमध्ये चूक शोधतात.

लोकलहोस्ट_परळ

ताई, बॅटरीचं उत्तम. लिहून घेतलं. अजून एक: ऑफिसमधल्या ३ नव्या मशीनवर विंडोज ११ टाकायचंय. तेही याच सर्व्हरवरून होईल का?

रूट_नी_रस्सा

होईल. आयपीएक्सई, विमबूट, विंडोज पीई, सांबा शेअर आणि अनअटेंड एक्सएमएल. तीन मशीनसाठी पेनड्राइव्ह घ्या.

शून्यबाइट

:-) सहमत.

लोकलहोस्ट_परळ

ठीक. काम झाल्यावर सर्व्हरचं काय करायचं? पुढच्या वर्षी परत लागेल.

तारवाला

डीएनएसमास्क नुसतं थांबवू नका, 'डिसेबल' करा; नाहीतर वीज गेली-आली की सर्व्हरबरोबर तेही उठेल. मॅकच्या नावाच्या सगळ्या फायली दुसऱ्या फोल्डरात हलवा. एनजीनेक्सवरून युझर-डेटा काढा, त्यात पासवर्डचा हॅश आहे. मशीनच्या बायोसमध्ये डिस्क पहिली करून पासवर्ड टाका, मुलं एफ१२ दाबून बघणारच. आणि लॅबचा स्विच राउटरला परत जोडायच्या आधी सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डातली पॅच कॉर्ड काढून तिला चिठ्ठी लावून ठेवा.